फोटो लहान करा, तक्ता छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईच्या किनाऱ्यावर झालेल्या फुलपाखरू मोजणीची बातमी आपल्या रविवारच्या अंकात वाचली. बातमी छान, फोटो तर फारच छान. पण तिथे फुलपाखरे किती दिसली, हेच बातमीत कुठे नाही. त्या दिवशी नोंदवही माझ्या हातात होती, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातली बहुतेक मराठी मंडळी. चार-पाच शेजारी गुजराती, दोन-तीन कॉलेजची मुले. तिकडे जायचे तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते. खंभातच्या आखातात पाणी केवढे चढते-उतरते ते स्तंभेश्वर महादेवाला जाणाऱ्यांना सांगायला नको. तिथली पिंडीच दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. फुलपाखरांचे घड्याळ मात्र वेगळे. ऊन अंगाला लागून पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत आणि वारा सुटला की झुडपाच्या आडोशाला जाऊन बसतात. त्यामुळे दोन्ही वेळा जुळवून सकाळी उशिरा चालायला लागलो. किनारा म्हणजे वाळू आणि नारळ अशी कुणाची कल्पना असेल तर तसे काही नाही. चिखल, तिवरे, खारट जमीन आणि गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण पाळायला कठीण. अर्नेस्ट पोलार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती 1970च्या दशकात बसवली आणि 1976पासून ब्रिटनमध्ये तिच्यावर देशभराची मोजणी चालते. ठरलेल्या वाटेने एकाच संथ चालीने जायचे. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, समोर पाच मीटर, एवढ्यात जे दिसेल तेच लिहायचे. त्यापलीकडे कितीही सुंदर काही उडाले तरी ते आपले नाही. मागे वळून मोजायचे नाही, कारण एकच फुलपाखरू दोनदा लिहिले जाते.

आता त्या दिवशी काय झाले ते ऐका. वाट सुरू होऊन जेमतेम शंभर पावले झाली नसतील, एका तरुणाला रुईवर प्लेन टायगर नावाचे फुलपाखरू दिसले आणि तो तिथेच गुडघे टेकून बसला. लेन्स बदलली, पुन्हा बसला. त्याचे बघून आणखी तिघे. मी म्हटले, "अहो, ते लिहून झाले, चला पुढे." तर म्हणाला, "काकू, एकच मिनिट, पंख उघडू दे." त्या मिनिटात उजव्या बाजूने ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरे भुर्रकन गेली. त्यांच्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. म्हणे, ती तर सगळीकडे असतात. माझे सारे आयुष्य बँकेच्या कॅश काउंटरवर गेले. नवी कोरी नोट डोळ्यांत भरली म्हणून तेवढीच मोजली आणि मळकी बाजूला सारली, असे आम्ही केले असते तर संध्याकाळी गल्ला जुळला असता का? जी सगळीकडे असतात तीच आधी लिहायला हवीत. ती कमी व्हायला लागली तर कळणार कशी?

फोटोंचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या फोटोवरून अमुक जात अमुक ठिकाणी आहे हे पक्के होते. आणि काही जाती फोटोशिवाय ओळखणे अवघडच. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरचे सोंग घेते. प्लेन टायगरची अळी रुईचे विषारी पान खाऊन वाढते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही त्याचा फायदा उठवते. मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके बरेच असतील तर टायगर, वरच्या कडेला एकच असेल तर एगफ्लाय. हे धावत्या नजरेला दिसत नाही. तिथे कॅमेरावाल्या मुलाने खरोखर मदत केली, हे नमूद करते. एगफ्लायची अळी, गंमत म्हणजे, आपण डाळ घालून ज्याची भाजी करतो त्या घोळीवर वाढते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका पिलूच्या झुडपाशी होतो. तिकडचे लोक पिलुडी म्हणतात, खाऱ्या जमिनीतही ती तगून राहते. लांबून बघितले तर धुळीने माखलेले, मरगळलेले झाड. जवळ गेलो तर पानापानांतून साल्मन अरब फुलपाखरे उठत होती. नराचे पंख वरून फिकट केशरी-गुलाबी, कडेला काळी पट्टी, तिच्यावर फिके ठिपके. बसले की पंख मिटते आणि खालचा हिरवट-पिवळा रंग पिलूच्या पानात असा मुरतो, की समोर असून सापडत नाही. चालता चालता एकदा मोजायचे आणि पुढे व्हायचे, हा नियम तिथे मोडायचा मोह सगळ्यांनाच झाला. याच्या अळ्या पिलूची पानेच खातात. पिलू गेली की साल्मन अरब गेले, मग फुलझाडे कितीही लावा.

म्हणून आणखी एक सांगायचे आहे. याच वाटेच्या एका भागात कुणीतरी "स्वच्छता" करून रुई, पिलू आणि तण सरसकट खरवडून काढले होते. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र जागच्या जागी. त्या तुकड्यात आमच्या वहीत शून्य आहे. पुढे तिवरांतही एका तुकड्यात शून्यच आहे, पण तिथे आधीही काही नसेल कदाचित. दोन शून्यांतला फरक पुढच्या वर्षी, त्याच वाटेने, त्याच सुमारास पुन्हा चालले तरच समजेल. आमच्यातल्या काहींना शून्य लिहायची लाज वाटत होती. "रिकामे कशाला दाखवायचे?" असे एक गृहस्थ म्हणाले. रिकामेच दाखवायचे असते हो.

जमिनीलगत उडणारी ग्रास ज्युएलसुद्धा आम्हाला दिसली. आपल्या देशातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी हे एक, पंख मिटून बसले की करंगळीच्या नखाएवढे. आपल्या फोटोत ते येणे शक्यच नव्हते. वहीत मात्र त्यांची संख्या बरीच आहे.

भारतात तेराशेहून अधिक जातींची फुलपाखरे आहेत. 2020पासून दर सप्टेंबरला देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो. तेव्हा बडोद्याच्या कमाटीबागेतही मंडळी जमतात, चांगलेच आहे. पण बागेत माळी पाणी घालतो. किनाऱ्यावर काय उरले आहे हे बागेतून कळत नाही. तिकडे वर्षातून दोन-तीनदा तरी तीच वाट चालणारी माणसे हवीत. त्यासाठी फुलपाखरांची सगळी नावे यायला हवीत असे नाही. दोघे बघणारे, एक ओळखणारा आणि एक लिहिणारा, एवढ्यावर भागते. आमच्यासारख्या सेवानिवृत्तांना तर हे काम फारच जमेल. चाल आपोआप संथ असते. छत्री नको, टोपी घाला, आणि चिखलात जाईल अशी चप्पल.

आयोजकांना माझी विनंती, वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कायमची खूण करावी आणि फोटो काढणाऱ्यांची तुकडी मोजणाऱ्यांच्या मागून चालवावी. आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी बातमीसोबत आमचा तक्ता छापावा, शून्यांसकट. जागा कमी पडत असेल तर फोटो लहान करा.

आपली,
एक सेवानिवृत्त कॅशियर,
दांडिया बाजार, बडोदे