मोठं किट बसवल्यावर बाईक चालते कशी, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पानावर आणि एकूणच जिथे तिथे बिग बोअर किटबद्दल जे येतं ते वाचून हे पत्र लिहितोय. मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, रिंगा, गॅस्केट, कधी सोबत कॅम (व्हॉल्व्ह उघडझाक करणारा दांडा) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), असं इंजिनाचा सीसी वाढवणारं ते किट. लिहिणारे सांगतात सीसी एवढा वाढला, ताकद एवढी वाढली, फोटो टाकतात आणि विषय संपला. गाडी हातात कशी लागते, कुठे सुखावते, कुठे दगा देते याबद्दल एक ओळ नसते. आणि मग किट घेणारी बहुतेक पोरं टॉप स्पीडच्या आशेने किट घेतात, जी गोष्ट किटमधून सगळ्यात कमी मिळते. मी इंजिनं उघडतो, जोडतो आणि जोडलेली गाडी स्वतः चालवून बघतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कापाकापी तुमच्या हातात आहे.

आधी हिशोब बघा. सीसी हा बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, वर्गाने वाढतो. होंडाच्या पहिल्या ग्रॉम या छोट्या बाईकचं इंजिन घ्या, बोअर ५२.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५७.९ मिमी, म्हणजे १२४.९ सीसी. त्याच क्रँकवर (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्यावर) ६३ मिमीचा पिस्टन बसवला की होतात १८० च्या जरा वर. पिस्टनचा व्यास २० टक्केच वाढला पण सीसी वाढला जवळपास ४५ टक्के. उलट हार्लेच्या ट्विन कॅम ८८ इंजिनाचे ८८ चे ९५ क्यूबिक इंच करायचे तेव्हा १४५० चे १५५० सीसी व्हायचे, म्हणजे फक्त ७ टक्के, क्रँककेसला हात लावायची गरज नाही, सिलिंडर-पिस्टन बदलले की झालं. दोन्हीला लोक किटच म्हणतात पण ही दोन कामं सारखी नाहीत, पहिल्यात गाडीचा स्वभाव बदलतो, दुसऱ्यात फक्त थोडी भर पडते.

आता टॉप स्पीड. वेग वाढतो तशी हवा अडवते, आणि हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे इंजिनाची ताकद २० टक्के वाढली तरी टॉप स्पीड वाढणार जेमतेम ६ टक्के, १०० ला थांबणारी गाडी १०६ ला थांबेल. तेही गिअरिंग तेवढं पुरत असेल आणि लिमिटर (ठराविक फेऱ्यांवर इंजिन अडवणारी सोय) आड येत नसेल तर. शिवाय सीसी ४५ टक्के वाढला म्हणून ताकद ४५ टक्के वाढत नाही, कारण हेड (सिलिंडरवरचं झाकण) तेच, व्हॉल्व्ह तेवढेच, हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी तेवढीच. वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मोठ्या सिलिंडरला जेवढी हवा हवी असते तेवढी त्या जुन्या वाटेने आत येतच नाही, पळणाऱ्या माणसाला एका नाकपुडीने श्वास घ्यायला लावावं तसं होतं. म्हणून नुसतं किट बसवलेली गाडी वरच्या टोकाला लवकर दमते, कधी कधी तर जुन्या इंजिनापेक्षाही लवकर, आणि मालक म्हणतो पैसे वाया गेले.

पण ते वाया गेलेले नसतात, तो चुकीच्या जागी शोधत असतो. खरी मजा खाली आणि मधे आहे. कमी आरपीएमला हवा आत यायला भरपूर वेळ असतो, तिथे तीच जुनी वाट पुरते, आणि तिथे मात्र टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, जवळजवळ सीसीच्या प्रमाणात वाढतो. आणि तो आधीपेक्षा लवकर हाती येतो, म्हणजे ज्या ओढीसाठी आधी सात हजारावर रेस न्यावी लागायची ती पाच हजाराच्या आसपासच मिळायला लागते. डबलसीट चढाला लागलात की हे लगेच जाणवतं, जिथे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागायचं तिथे चौथ्यातसुद्धा गाडी कुरकुर न करता चढते. ओव्हरटेक करताना गिअर पाडायची घाई नाही, नुसता कान (थ्रॉटल) पिळला की पुढे. गर्दीत हाफ क्लच कमी लागतो. ज्याला रोज लांब जायचंय, पाठीमागे माणूस आणि सामान असतं, त्याला या बदलाचं सुख खरंच फार मोठं आहे आणि हे मी मनापासून सांगतोय. अंगावर येणारा थकवा कमी होतो कारण हात आणि पाय सतत गिअर-क्लचवर राहत नाहीत.

ज्याला इंजिन ओरडवत चालवायला आवडतं त्याला मात्र हीच गाडी मिळमिळीत वाटू शकते. वर पळायची ती चढती धार जाते, सगळं खालीच उरकतं. त्याच्यासाठी हेडचं काम, मोठे व्हॉल्व्ह, वेगळा कॅम हा वेगळा रस्ता आहे, बोअर किट नव्हे.

ज्याबद्दल कोणीच लिहीत नाही ते म्हणजे थ्रॉटलचं वागणं. आधी जेवढा कान पिळला की गाडी हळू सरकायची, तेवढ्यातच आता झटका बसतो. हळू वळण घेताना, यू-टर्न मारताना, ओल्या रस्त्यावर हे फार महत्त्वाचं. थ्रॉटल बंद-चालू करताना चेनचा ढिलेपणा आधीही असतोच पण आता तो जोरात जाणवतो, गाडी पुढेमागे खेचल्यासारखी करते. चेन थोडी जरी सैल असेल तर जास्तच. आणि दुसरी बाजू म्हणजे इंजिन ब्रेकिंग. थ्रॉटल सोडला की मोठा पिस्टन मागच्या चाकाला जास्त जोराने धरतो. कोरड्या उतारावर हे चांगलंच आहे, ब्रेकवरचा भार कमी होतो, पण ओल्या रस्त्यावर घाईत गिअर पाडून क्लच फटकन सोडला तर मागचं चाक उड्या मारतं किंवा घसरतं, स्लिपर क्लच (असा झटका आला की थोडा घसरू देणारा क्लच) नसलेल्या गाडीत तर नक्कीच सांभाळायला हवं. नवीन किटवाल्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो की क्लच सोडायची सवय बदल, आणि ती बदलायला थोडे दिवस जातात.

व्हायब्रेशनचं पण तसंच. क्रँकची वजनं कंपनीने जुन्या पिस्टनच्या वजनावर जुळवलेली असतात, बॅलन्सर शाफ्ट (झटके कमी करणारा दांडा) असेल तर तोही त्याच हिशोबाने. आता पिस्टन जड झाला आणि बाकीचं तसंच राहिलं, तर वरखाली होणाऱ्या वजनाचा झटका वाढतो, आणि हा झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो, दुप्पट फेऱ्यांना चौपट. सिंगल सिलिंडरमध्ये हे लपत नाही. फुटरेस्टवर आणि हँडलवर एका ठराविक आरपीएमला मुंग्या यायला लागतात, आरसे थरथरतात, आणि नेमका तो आरपीएम तुमचा रोजचा क्रुझिंगचा वेग असेल तर लांबच्या प्रवासात हात बधिर होतात. म्हणून पिस्टन घेताना नुसता मिमी बघू नका, वजन काट्यावर ठेवून जुन्याशी ताडून बघा. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन मजबूत असतात पण त्यातल्या काही मिश्रधातूंचे तापल्यावर जास्त फुगतात म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) जास्त ठेवावा लागतो, सकाळी थंड इंजिनात थोडा टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो. तो दोष नाही, पण आवाज गरम झाल्यावरही राहिला तर मात्र उघडून बघा.

आता सगळ्यात धोक्याचं, कॉम्प्रेशन. हेडमधली जागा तेवढीच ठेवून खालचा सिलिंडर मोठा केला की जास्त हवा त्याच जागेत दाबली जाते. वरच्याच ग्रॉमचा हिशोब करा, कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९.३, म्हणजे हेडमधली जागा साधारण १५ सीसी. तेवढ्याच जागेत १८० सीसी कोंबले की रेशो जातो १३ वर. साध्या पेट्रोलवर असं इंजिन चढाला लागलं की खडखड नॉकिंग (ज्वाळ पोचण्याआधीच मिश्रण आपोआप भडकणं) करणार आणि ते ऐकू येत असूनही तसंच चालवत राहिलं तर पिस्टनचा माथा खाल्ला जातो, रिंगेच्या जागा तुटतात. म्हणून चांगल्या किटमध्ये पिस्टनचा माथा खोलगट असतो किंवा हेडच वेगळं येतं. मोठ्या बोअरमध्ये ज्वाळेला कडेपर्यंत जायला जास्त अंतर पडतं, त्यामुळेही नॉकिंगची शक्यता वाढते. किट विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, माझ्या हेडवर रेशो किती होणार आणि कोणत्या ऑक्टेनचं (नॉकिंग किती रोखतं त्या आकड्याचं) पेट्रोल लागणार. उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा.

दुसरं, पेट्रोलचं प्रमाण. हवा जास्त आत आली आणि पेट्रोल जुन्याच मापाने गेलं की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), तापमान चढतं आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. कार्बोरेटरवाल्या गाडीत पेट्रोलचं माप ठरवणारे मेन जेट, पायलट जेट, नीडल सगळं परत बसवावं लागतं. फ्युएल इंजेक्शनवाले म्हणतात की ऑक्सिजन सेन्सर आहे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप सांभाळून घेईल. तो सांभाळतो, पण एका मर्यादेत आणि शांत क्रुझिंगला. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघतच नाही, तेव्हा आत भरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल सोडतो, आणि इंजिनाला सगळ्यात जास्त जपायची वेळ नेमकी तीच असते. रीमॅप न करता, म्हणजे तो तक्ता न बदलता, मोठं किट चालवणं म्हणजे मुद्दाम इंजिन जाळणं, याबाबत माझं मत अजिबात मऊ नाही. नुसतं चालू झालं, पिकअप आला, म्हणजे जमलं असं नसतं.

उष्णतेचं थोडक्यात. जास्त पेट्रोल जळलं की जास्त उष्णता, आणि एअर कूल्ड इंजिनाच्या फिन्स (थंड करणाऱ्या पट्ट्या) तेवढ्याच. मोकळ्या रस्त्यावर कळत नाही, कोंडीत कळतं, पायाला झळ लागते, गिअर कडक पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही. ऑइल कूलर लावता आला तर लावा आणि ऑइल लवकर बदला. सिलिंडरची भिंत पातळ ठेवून शेवटच्या मिमीपर्यंत बोअर वाढवलेली किट मी तरी रोजच्या गाडीला सुचवत नाही, पातळ भिंत तापली की गोल राहत नाही आणि मग धूर, ऑइल खाणं सुरू.

मायलेज पडतं, पण लोक घाबरवतात तेवढं नाही, कारण एकाच वेगाला गाडी ढकलायला लागणारं काम तेवढंच असतं. इथेच एक गोष्ट जी मला किटच्या सगळ्या कामात सर्वात आवडते ती म्हणजे गिअरिंग बदलणं. टॉर्क वाढलाय तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दात्यांचं १६ चं करा, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे ६ टक्क्यांनी खाली येतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी निवांत होते, आवाज खाली जातो, ते मुंग्या आणणारं व्हायब्रेशन वेगाच्या पुढच्या आकड्यावर सरकतं आणि मायलेजही काही प्रमाणात परत मिळतं. किटवर एवढा खर्च करून जुनंच स्प्रॉकेट ठेवणाऱ्यांनी किटचं अर्धं सुख घेतलंच नाही असं मला वाटतं.

क्लच मात्र विसरू नका. वाढलेला टॉर्क जुन्या स्प्रिंगांना पेलत नाही, चौथ्या-पाचव्यात कान पिळला की आरपीएम चढतो आणि गाडी तेवढी पुढे जात नाही, समजायचं प्लेटा घसरताहेत. कडक स्प्रिंगा टाकल्या की लिव्हर जड होतो, तेही रोजच्या चालवण्यात हाताला जाणवतं. गिअरबॉक्स तर जुन्याच टॉर्कसाठी बनलेला असतो, त्याला झटके देऊन चालवलं तर तो किती टिकणार.

आणि ब्रेक. गाडी आधी ज्या रस्त्यावर ८० ला पोचायची तिथे आता सहज १०० ला पोचते. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ८० पेक्षा १०० ला ती ५६ टक्के जास्त. मागे ड्रम, पुढे छोटी डिस्क, अरुंद टायर, आणि वर दीडपट इंजिन, हे बघून मला खरंच भीती वाटते. किटच्या बजेटमध्ये ब्रेक पॅड, होज आणि टायर धरलेच पाहिजेत, नसतील परवडत तर किट पुढे ढकला. आरसीमध्ये सीसी लिहिलेला असतो आणि विमा त्यावरच असतो, तेव्हा कागदाचं कामही आधी विचारून घ्या, अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

संपादक महाशय, तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी किट लावलेल्या गाडीवर छापाल तेव्हा टॉप स्पीडचा आकडा हवा तर छापा, पण त्याच्या शेजारी हेही छापा की टॉर्क आधी किती आरपीएमला यायचा आणि आता किती आरपीएमला येतो, चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ७० ला जायला किती सेकंद लागले, कोणत्या वेगाला हँडल थरथरतं, कोंडीत अर्धा तास चालवल्यावर इंजिन कसं वागलं, आणि ८० वरून थांबायला किती मीटर लागले.

आपला,
एक नियमित वाचक