आप्पा, छापखान्यातल्या खिळ्यांचा डबा माळ्यावरच आहे ना?

आयोवा सिटी,
७ डिसेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना कागदावर कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर तुम्ही "बरी आहेस ना, जेवलीस का" एवढंच विचारता आणि फोन आईच्या हातात देता. मला जे विचारायचंय ते तेवढ्यात मावत नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, म्हणजे हे बाबाच वाचून दाखवणार. बाबा, मधली वाक्यं गाळायची नाहीत. तुमच्याबद्दलचीसुद्धा.

इथली नदी काठाकाठानं गोठायला लागली आहे. दुधावर साय धरते तशी. कृष्णेपुढे ती ओढाच वाटते, पण २००८ च्या जूनमध्ये तिनं विद्यापीठाच्या इमारतींत पाणी घातलं होतं. त्याच वर्षी युनेस्कोनं या गावाला 'साहित्याचं शहर' म्हणून मान दिला, एडिंबरो आणि मेलबर्ननंतर जगात तिसरा. आयोवा अ‍ॅव्हेन्यूच्या फुटपाथवर लेखकांची वाक्यं कोरलेले ब्राँझचे पत्रे बसवलेत, त्यांवरून आम्ही खुशाल बूट घालून जातो. मला पहिल्या आठवड्यात पाय टाकवेना, वाकून नमस्कार करावासा वाटायचा. आता बर्फात घसरायला होतं म्हणून तेवढी चुकवते. गाव संपलं की नुसता मका. तोही माणसांच्या ताटात फारसा येत नाही, डुकरांच्या खाण्याला आणि इथेनॉलला जातो. आपल्याकडे उसाचं चाललंय तसंच. ऊसवाल्या काकांना सांगा, मक्याच्या भावावरून इथेही लोक कपाळाला हात लावतात.

आता मुद्द्याचं. इथली लेखनाची कार्यशाळा १९३६ पासूनची. ती एम.ए.च्या पातळीवरच्या मंडळींची, मी आपली बी.ए.ची. पण वर्गाची पद्धत तीच उतरली आहे. ज्याची गोष्ट त्यानं गप्प बसायचं. बाकीचे चौदाजण तुमच्यादेखत तुमच्या गोष्टीची चिरफाड करतात आणि तुम्ही 'अहो, तसं नव्हतं म्हणायचं' एवढंही बोलायचं नाही. आपल्या घरात असं कोणाला जमलं असतं? आत्यानं तर दुसऱ्या मिनिटाला वर्ग ताब्यात घेतला असता.

ऑक्टोबरात माझी पाळी आली. गोष्ट तुमच्यावर होती. तुम्हाला न विचारता लिहिली, रागावू नका. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, खिळ्यांशिवायची ऑफसेट छपाई येते, छापखाना बंद पडतो, खिळे भंगारात किलोवर जातात. मला वाटलं होतं, वाचून सगळे गहिवरतील. तसं काही झालं नाही. एकानं विचारलं, भाकरी म्हणजे काय हे तीन ठिकाणी का समजावलंय, आम्हाला कळतंय की. आणि माझ्याशेजारी बसणारी मुलगी (तिचे वडील शेतावरची यंत्रं दुरुस्त करतात) म्हणाली, "म्हातारा दुःखी आहे हे सहा पानांत आठ वेळा आलंय. पण तो दिवसभर हातांनी नेमकं काय करायचा?"

मी गप्प. नियम होता म्हणून बरं झालं, कारण मला उत्तर येत नव्हतं. तुमच्या मांडीवर बसून मी वाढले, तुमच्या अंगठ्याचा घट्टा माझ्या गालाला लागायचा, आणि तो कशानं पडला हे मला ठाऊक नाही.

म्हणून मग मी विद्यापीठाच्या बुक सेंटरमध्ये खिळ्यांच्या छपाईचा वर्ग धरला. गुरुवारी संध्याकाळी तीन तास. बाबांना वाटलं आणखी एक खूळ, पण हे खूळ तुमचं आहे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हातानं केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, खिळा उचलायचा, त्याची खाच बोटाला लागली पाहिजे, मग तो उलटा बसवायचा. ओळ डावीकडून उजवीकडेच जाते, पण अक्षरं डोक्यावर उभी. इंग्रजीत बी, डी, पी, क्यू ही चार भावंडं आहेत, उलटी केली की कोण कुठलं कळत नाही. पहिल्या दिवशी तीन तासांत मी सहा ओळी जुळवल्या आणि उचलताना चार सांडल्या. ओळ ठासून बसली नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी एक शब्द न बोलता झाडू आणि चिमटा आणून दिला. रात्री नऊपर्यंत फरशीवर बसून खिळे वेचत होते. हातांना शिशाचा वास होता, आणि आप्पा, तो वास मला ओळखीचा निघाला. तुमच्या कोटाच्या खिशाचा.

बाबांची तक्रार मला माहीत आहे. "एक ना धड, भाराभर चिंध्या." मातीकाम सोडून दिलंय, सांगा त्यांना. माझ्या वाट्या टेबलावर ठेवल्या की कलंडायच्या, एकीत पेन ठेवते. पक्षी मात्र सोडणार नाही. थंडीत कोरलव्हिलच्या धरणाखाली पाणी गोठत नाही, म्हणून पांढऱ्या डोक्याचे गरुड मासे पकडायला तिथे जमतात. गेल्या रविवारी मैत्रिणीच्या गाडीतून गेलो, एकाच झाडावर पाच होते. एवढा दांडगा पक्षी आणि आवाज कोंबडीच्या पिलासारखा चिरका! सिनेमात ऐकू येते ती आरोळी बहुतेक वेळा दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. हे मी वहीत टिपलं. कुठल्या गोष्टीत जाईल माहीत नाही. जाईलच असंही नाही. बाबा, पैशाचं म्हणाल तर परवानगी आहे तेवढे आठवड्याचे वीस तास मी वाचनालयात पुस्तकं लावते, वर्गाची फी त्यातून दिली.

आणि हो, १९७५ साली आपले कवी दिलीप चित्रे इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला येऊन राहिले होते. मराठी या गावात पहिल्यांदा मीच घेऊन आले, असा माझा समज होता. तो गेला.

गोष्टीचा दुसरा खर्डा वीस तारखेला द्यायचाय. त्याआधी एवढं सांगा. बाबांना लिहून घ्यायला सांगा, तुम्ही बोलाल तसंच, सुधारायचं नाही.

इंग्रजीच्या केसमध्ये नव्वदेक खण असतात, तर मराठीला किती होते, आणि सगळे उभ्यानं हाताला यायचे का? तुमचे खिळे अखंड होते की डिग्रीचे? म्हणजे मात्रा अक्षराला जोडूनच यायची की वेगळी लावावी लागायची? 'तऱ्हा'मधला तो अर्धा र कुठल्या खणात? घ आणि ध उलटे धरले की तुमचाही घोळ व्हायचा का? घट्टा डाव्याच अंगठ्याला का? ओळ दाबून धरून? आणि शेवटच्या दिवशी तुम्ही कुठला मजकूर जुळवलात? लग्नपत्रिका होती असं आई म्हणते, बाबा म्हणतात साखर कारखान्याचा अहवाल.

२०१९ ला पाणी गल्लीत शिरलं तेव्हा बाबा टीव्ही उचलत होते आणि तुम्ही खिळ्यांचा डबा घेऊन माळ्याच्या शिडीवर. किती ओरडलो होतो आम्ही तुम्हाला. तो डबा पाठवू नका, शिशानं भरलेला डबा बघून विमानतळावर गोंधळ होईल. फक्त त्यातला एक 'आ' काढा, बुटाच्या पॉलिशमध्ये बुडवून कागदावर दाबा आणि बाबांकडून त्याचा फोटो पाठवा. आमच्या बाईंना दाखवायचाय. त्यांनी देवनागरी खिळा कधी पाहिलेला नाही.

आजीला नमस्कार. तिनं दिलेलं मेतकूट संपलं.

तुमची नात

ता. क. बाबा, चिंध्यांचं वाक्य वाचलंत ना? गाळलं असेल तर आप्पांना कळेल, ते प्रूफं तपासायचे.