बरडावरचे दगड

जबलपूर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात की बरडाचे दोन एकर मुरुमासाठी द्यायची बोलणी चालू आहेत, संक्रांत झाली की जेसीबी येईल. फोनवर माझ्याने नीट बोलवलं नाही, म्हणून लिहिते. ते बरड देऊ नका. निदान मी येईपर्यंत होकार देऊ नका.

रविवारी मी लमेटा घाटावर गेले होते, नर्मदेवर. बदली होऊन दोन वर्षं झाली तरी राहूनच गेलं होतं. घाटाजवळ पांढुरक्या चुनखडीचे थर उघडे पडलेत. मी खाली बसून हात लावला. खरबरीत, गाठीगाठींचा दगड, आणि बोटांना लागणारी ती पांढरी भुकटी. बाबा, नांगरताना फाळाला कट्कन लागतं आणि तुम्ही उचलून धुऱ्यावर टाकता, तोच हा. या थरांचं नावच मुळी या घाटावरून पडलंय, लमेटा. आणि हेच थर आपल्या वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला आणि डोंगरगावला वर आलेले आहेत. इतक्या लांब येऊन आपल्याच वावरातला दगड हातात आला, मला तिथे भरून आलं.

साधारण पावणेसात-सात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ नद्या होत्या, तळी होती, पुराचा गाळ बसायचा, मग उन्हाळ्यात सुकून त्यात चुन्याच्या गाठी धरायच्या. त्या गाळात डायनासोर हिंडले, अंडी घातली, मेले. मग जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि सगळं झाकलं गेलं. आपली कापसाची काळी माती त्याच लाव्हाच्या दगडाची झिजून झालेली. ज्या जागी वरचा काळा थर निघून गेला तिथे खालचा जुना गाळ उघडा राहिला. आपलं बरड म्हणजे तोच. त्यात काही पिकत नाही ते त्यामुळेच.

या जबलपुरातच, बडा सिमला टेकडीजवळ, 1828 मध्ये स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हाडं सापडली. ठग्यांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. तेव्हा डायनासोर हा शब्दसुद्धा नव्हता, तो 1842 चा. शेपटीच्या त्या मणक्यांवरून 1877 मध्ये लायडेकर नावाच्या शास्त्रज्ञाने टायटनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. पुढे ते मणके गहाळच झाले, आणि 2012 मध्ये त्यातला एक कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. एक मणका, पण तो जपून ठेवलेला होता म्हणून सापडला. खडी होऊन रस्त्यात गेला असता तर?

आणि आपल्याकडचं तर त्याहून मोठं आहे. डोंगरगावच्या टेकडीतून 1980 च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका डायनासोरच्या सांगाड्याची पुष्कळ हाडं काढली, बरेचसे मणके जागच्या जागी जुळलेले. 2003 मध्ये त्याला इसिसॉरस नाव मिळालं, त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. लांब पुढचे पाय, जाड मान. आपल्या तालुक्यातला प्राणी जगभरच्या पुस्तकांत आहे आणि आपल्या गावच्या शाळेत मला कुणी कधी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आई, आता तुझ्या तुळशीपाशी ठेवलेल्या त्या दगडाबद्दल. मुठीएवढा, राखाडी, एका टोकाला निमुळता, वर आडव्या वळ्या. बाबांनी बरडातूनच आणला होता. मला जवळजवळ खात्री आहे की ती डायनासोरची लीद आहे, दगड झालेली. पिसदुऱ्याच्या शेतांत अशी पुष्कळ मिळते. तू म्हणशील, शी, आणि मी हळदकुंकू वाहत होते! पण ऐक. तुझ्या माहेरी धान कापताना पात्याने बोटं चिरायची ना? धानाच्या पात्यात काचेसारखे बारीक कण असतात. पान कुजतं, ते कण राहतात. पिसदुऱ्याच्या लिदीत शास्त्रज्ञांना तसेच कण मिळाले आणि 2005 मध्ये त्यांनी जाहीर केलं की डायनासोर गवत खात होते. तोवर सगळे समजत होते की गवत पसरलं ते डायनासोर संपल्यावर. पुढे 2011 मध्ये त्यांतच धानाच्या कुळातल्या गवताची खूणही मिळाली. आपल्या ताटातल्या भाताचं इतकं जुनं नातं आपल्या तालुक्यातल्या दगडात निघालं. म्हणून पूजा कर, खुशाल कर. धार जिल्ह्यात एका गावात लोक असेच गोल दगड शेताचा राखणदार म्हणून पुजत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. फक्त देव घासताना त्याला चिंच लावू नकोस, आंबटाने दगड खराब होईल.

बाबा, पैशाची नड मला कळते. आईच्या गुडघ्यासाठीच तुम्ही हे मनावर घेतलंत, हेही कळतं. ऑपरेशनचं मी बघते, त्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, तुमच्याजवळ बोलले नव्हते इतकंच. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे. त्यांना मी पत्र लिहिते, कुणी येऊन एकदा बरड बघून जाऊ दे. त्यात काहीच नाही असं ते म्हणाले तर मुरुमाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी मध्ये बोलणार नाही.

तोवर एवढं करा. धुऱ्यावरच्या ढिगातले वेगळे दिसणारे दगड घरी आणू नका, जिथे आहेत तिथेच राहू द्या. कुठला दगड कुठून निघाला हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, पळसाखाली, तुम्हाला पूर्वी एक लांबट पांढरा तुकडा लागला होता, जिभेला चिकटतो म्हणून मी लहानपणी चाटून बघायची. जुनं हाड तसंच चिकटतं. ती जागा आठवते का? आठवत असेल तर तिथे एक काठी रोवून ठेवा.

मी पौषात चार दिवसांची रजा टाकते आहे.

तुमची,
ताई