‘दहापैकी दहा’ म्हणणाऱ्या गिरणीवाल्याचं सिस्टरांना पत्र

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही “पुढचे!” म्हणून हाक मारता, म्हणून हे उघडं पत्र. मिरजेच्या ओपीडीतल्या रांगेत मी लक्षात राहिलो असेन असं नाही. पण पिठानं भुवया पांढऱ्या झालेला, धापा टाकणारा गिरणीवाला म्हटलं तर आठवेल कदाचित.

गिरणी २२ वर्षांची, दमा ९ वर्षांचा. तुम्ही आधी पाच प्रश्नांचा कागद पुढे केलात. गेल्या ४ आठवड्यांत कामाचा किती खोळंबा झाला, धाप किती वेळा लागली, रात्री जाग किती वेळा आली, तातडीचा पंप किती वेळा मारला आणि दमा ताब्यात आहे असं मला स्वतःला किती वाटतं. २५ पैकी १३ आले. १९ किंवा कमी म्हणजे दमा ताब्यात नाही, असं तुम्ही सांगितलंत.

मला वाटलं, सुटलो. तर तुम्ही विचारलंत, “काका, रात्री दोनला दम लागला तर काय करायचं, याची खात्री किती? दहापैकी सांगा.”

“दहा!”

“मग पंप मारून दाखवा.”

न हलवता लागोपाठ दोनदा दाबला आणि लगेच श्वास सोडला. औषध सगळं जिभेवर. तुम्ही हसला नाहीत.

खरा घोळ पुढेच निघाला. निळा, म्हणजे तातडीचा पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. दुसरा आतली सूज उतरवतो, म्हणून बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. माझं नेमकं उलटं चाललेलं. दुसऱ्यानं तोंड आलं म्हणून तो मी बंदच केला होता. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, एवढंच होतं ते! नऊ वर्षांत कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मी नुसती मान डोलावली, देव जाणे. तुम्ही मान डोलावू दिली नाहीत. “मी तुमची मंडळी आहे असं समजा आणि मला समजावून सांगा,” म्हणालात. तिसऱ्या खेपेला जमलं.

मग फुंकायचं मीटर, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं. माझी सर्वांत चांगली फुंक ४००. म्हणून ३२० च्या वर हिरवं, २०० पर्यंत पिवळं, त्याखाली लाल, म्हणजे पंप मारून थेट दवाखाना. ते कार्ड वजनकाट्याच्या वर लावलंय. गिऱ्हाईकं विचारतात, दळणाचे दर वाढले का? झाडूऐवजी ओलं फडकं आणि तोंडाला मास्क, हेही सुरू आहे.

तीन महिन्यांनी त्याच पाच प्रश्नांत २५ पैकी २१ आले. खात्री मात्र मी सातच सांगितली, तर तुम्ही जास्त खूश दिसलात. सात का, विचारलंत. म्हटलं, रात्री लाल आलं तर गाडी कुणाची, हे ठरलेलं नाही. तुम्ही कार्ड उलटं केलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबर आता तिथं आहे, त्याला सांगूनही ठेवलंय.

पुढच्या मंगळवारी तपासणीला येतोय. ज्वारीचं पीठ आणतो, नको म्हणू नका. दळण मुलगा टाकेल.

आपले,
गिरणीवाले काका