खरडलेल्या रानात माती कधी पडणार?

महोदय,

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी आमच्या रानात तीन दिवस उभं होतं. सोयाबीन गेलंच, पण वडिलांनी तीस वर्षं शेणखत घालून कसलेली काळी मातीही वाहून गेली. आता पाय टाकला की नुसता मुरूम करकरतो. विहीर गाळानं बुजली.

खरडलेल्या जमिनीसाठी सरकारने हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून 3 लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. रोख रकमेचा आधार झाला, हे मान्य. पण मनरेगाच्या कामासाठी चार चकरा झाल्या. दर वेळी नवा कागद. रानात मातीच्या जागी टाकायचा तलावातला गाळ पाणी साठण्याआधीच उचलता येतो. निदान त्याच्या वाहतुकीची मंजुरी तरी मृगाआधी मिळावी.

– एक शेतकरी, ता. परंडा, जि. धाराशिव