सभासदांना स्मरण : महिन्याभरात पाहिलेल्या चित्रपट-मालिकांवरील टिपणे

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सरत्या महिन्यात पाहिलेल्या चित्रपटांवरील व मालिकांवरील आपली टिपणे पुढील बैठकीपूर्वी लेखी स्वरूपात मंडळाकडे द्यावीत. कथानक सांगण्यात जागा खर्ची घालू नये. बहुतेकांना ते ठाऊक असते आणि ज्यांना नसते त्यांचा रसभंग होतो. त्याऐवजी आपले मत कोणत्या दृश्यांमुळे बनले, हे नेमके लिहावे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) संथ वाटला, एवढे लिहून भागत नाही. न्यायालयाचे कामकाज दूरवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून दीर्घकाळ दाखविण्याची आणि मधेच वकिलांच्या घरापर्यंत जाण्याची त्याची रीत आपल्याला का रुचली किंवा का कंटाळवाणी झाली, हे कळले तर चर्चेला आधार मिळतो. (राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट आवडलाच पाहिजे, असे बंधन अर्थातच नाही.)

मालिकांबाबत किती भाग पाहिले, ते नमूद करावे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही दूरदर्शनवरील मालिका ५३ भागांची आहे. तिचे चार भाग पाहून दिलेले मत त्या चार भागांपुरतेच धरले जाईल. चित्रपट मूळ भाषेत पाहिला की डब केलेला, चित्रपटगृहात की मोबाइलवर, हेही लिहावे, कारण ध्वनी व छायाचित्रणाविषयीचे बरेचसे मतभेद तिथूनच उद्भवतात. अर्धवट सोडलेल्या चित्रपटांवरील टिपणेही स्वीकारली जातील. मात्र तो कुठे सोडला, तेवढे सांगावे.