तलावातील बंद दिवा आणि बानाखत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बडोद्याजवळच्या भायली, सेवासी आणि सिंधरोट या बाजूला पोहण्याच्या तलावासह बांधलेले बंगले आता दुसऱ्या हाती जाऊ लागले आहेत. अशा व्यवहारात, "तलावातला दिवा तेवढा बंद आहे, बल्ब बदलला की झालं," हे वाक्य हमखास ऐकू येते. विद्युत जोडणीच्या कामात माझी उभी हयात गेली असल्याने हे ऐकले की मला काळजी वाटते, आणि घर घेणाऱ्यांनी ते इतक्या सहजपणे मान्य करू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तलावाच्या पाण्यात बसवलेला दिवा जास्तीत जास्त 12 व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर चालावा आणि त्याचा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (दिव्याची वीज मुख्य विजेपासून वेगळी ठेवून व्होल्टेज उतरवणारा) पाण्यापासून दूर, कोरड्या जागी असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. प्रत्यक्षात काही ठिकाणी थेट 230 व्होल्टचे दिवे बसवलेले आढळतात. काचेभोवतीचे रबरी गॅस्केट क्लोरीनने कडक होऊन तडकले की पाणी आत शिरते आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पुन्हा पुन्हा पडू लागते. मग वैतागलेला मालक पॅनेलमध्ये त्या दिव्याची तार सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवतो. म्हणजे हा दिवा गेलेला नसतो, बंद करून ठेवलेला असतो. क्वचित आरसीसीबीच बायपास केलेली असते, आणि नव्या मालकाने हौसेने बल्ब घालून बटण दाबले, तर त्या वेळी पाण्यात मुले असू शकतात.

ओळखीच्या एका कुटुंबाने घर घेण्यापूर्वी मला पाहणीला नेले होते. दिव्याच्या कड्यावरचा वरचा एक स्क्रू काढला की तो मागे गुंडाळलेल्या केबलसह काठावर घेता येतो, तलाव उपसावा लागत नाही. अर्थात त्याआधी मेन स्विच बंद करून पुरवठा नाही ना, हे टेस्टरने नव्हे तर मीटरने तपासले पाहिजे. त्या दिव्याच्या काचेआड बोटभर हिरवट पाणी साचले होते आणि होल्डर गंजून तपकिरी पडला होता. केबलची नळी जिथे भिंतीत शिरते, तिथले सीलिंगही सुटले होते. पंप बंद ठेवून त्या जागी रंगाचे दोन थेंब सोडले, तर ते हळूहळू आत ओढले गेले. तलावातील पाणी दिव्याच्या पातळीपर्यंत उतरून तिथेच का थांबते, हे कोडे विक्रेत्यालाही तेव्हा उलगडले. खर्च बल्बचा नव्हता, तो नळी, सीलिंग आणि नव्या वायरिंगचा होता.

बडोद्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथल्या बंगल्यांत बागेतला जंक्शन बॉक्स आणि ट्रान्सफॉर्मर पाण्याखाली गेला होता का, आणि गेला असल्यास तो बदलला की नुसता वाळवला?

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. मात्र बटण दाबून दिवा लागत नाही, हा सहज दिसणारा दोष आहे, त्यामुळे तो न पाहिल्याची तक्रार नंतर टिकणे अवघड. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा सेवांमधील दोष निदर्शनास आणल्यास तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे, पण बहुतेक जुन्या बंगल्यांची ही मुदत उलटलेली असते.

म्हणून जे करायचे ते बानाखताच्या, म्हणजे विक्रीच्या आधी होणाऱ्या लेखी कराराच्या वेळीच करावे. घर एकदा तरी दिवेलागणीनंतर पाहावे, कारण भर दुपारी दाखवलेल्या तलावात दिवा लावून पाहण्याचे कुणाला सुचत नाही. दलाल मंडळींनीही त्यासाठी आढेवेढे घेऊ नयेत. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग, आरसीसीबी आणि केबलचे इन्सुलेशन तपासून त्याचा लेखी अहवाल घ्यावा. दुरुस्ती विक्रेता करणार असेल, तर विक्रीच्या दस्तऐवजापूर्वी करील आणि ती तपासली जाईल, असे बानाखतात स्पष्ट लिहावे. खरेदीदार करणार असेल, तर अंदाजपत्रकाची रक्कम किमतीतून वजा करावी. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण घर सोडून जाणारा माणूस सर्वांत स्वस्त दिवा बसवून मोकळा होतो आणि त्यामागची नळी आहे तशीच राहते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, दांडिया बाजार, बडोदे